फिक्स चालू असताना घरावरचं नाव बदलायचंय? अर्ली रिपेमेंट चार्जबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिंगमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मी घरांच्या कागदपत्रांचं काम करते. त्यामुळे गणपतीत आरती संपली, हातात शिऱ्याची वाटी आली की कुणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "हिचं नाव घरावर लावायचंय, पण आमचं फिक्स अजून तीन वर्षं आहे. दंड बसेल का हो?" शिरा गार होतो आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून लोकांनी जे जे विचारलं ते इथे एकत्र लिहून ठेवलंय. सगळं इंग्लंडमधल्या राहत्या घरापुरतं आहे, स्कॉटलंड आणि वेल्सचं थोडं शेवटी आहे. मी स्वतः सॉलिसिटर नाही, सॉलिसिटरच्या फायली चालवते, एवढं लक्षात ठेवून वाचा.

अर्ली रिपेमेंट चार्ज म्हणजे नेमकं काय?

फिक्स रेटचं मॉर्गेज म्हणजे दोन, तीन, पाच किंवा दहा वर्षं व्याजदर न हलवण्याचा करार. ती मुदत संपायच्या आत कर्ज फेडलंत तर फेडलेल्या रकमेवर लेंडर काही टक्के घेतो. तोच हा चार्ज, बोलताना ईआरसी. पाच वर्षांच्या फिक्सवर नेहमी दिसणारी उतरंड अशी: पहिल्या वर्षी ५ टक्के, मग ४, ३, २ आणि शेवटच्या वर्षी १. लेंडरगणिक आकडे बदलतात. २,८०,००० पौंड बाकी असताना ३ टक्क्यांच्या वर्षात खातं बंद केलं तर ८,४०० पौंड गेले.

तुमचे स्वतःचे आकडे मॉर्गेज ऑफरमध्ये 'अर्ली रिपेमेंट' या मथळ्याखाली सापडतील. शेजारी तारखा असतात, त्या नीट बघा. घराच्या चाव्या ज्या दिवशी मिळाल्या त्या तारखेशी त्या जुळतीलच असं नाही. बरेच लेंडर सरळ एखाद्या महिन्याची अखेर धरतात.

पण पैसे परत केले तर लेंडरचं नुकसान कसलं? हा चार्ज घेतात कशाला?

लेंडर तुम्हाला पाच वर्षं ठरलेल्या दराने पैसे देतो तेव्हा तोही तेवढ्या मुदतीची तजवीज बाजारात करून ठेवतो. त्या व्यवहाराला स्वॅप म्हणतात. तुम्ही मध्येच निघून गेलात तर ती बांधिलकी त्याच्या गळ्यात राहते. लेंडरवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीचा नियम असा की हा चार्ज पौंडांत सांगता आला पाहिजे आणि मुदतीआधी फेडल्यामुळे होणाऱ्या खर्चाचा तो वाजवी अंदाज असला पाहिजे.

अंदाज आधीच बांधलेला असतो, आणि माझी तक्रार तिथेच आहे. २०२१ च्या डिसेंबरपर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर गेला. त्या काळात दीड टक्क्याच्या फिक्समधून कुणी बाहेर पडलं तर लेंडरला उलट आनंद व्हावा, कारण तेच पैसे तो दुसऱ्याला पाच टक्क्यांनी देणार. तरी ईआरसी लागतच होता. उतरंड ऑफरमध्ये छापलेली आहे, बाजार कुठेही जावो. मला हे पटत नाही, पण नियमात बसतं.

मॉर्गेज माझ्या एकट्याच्या नावावर आहे. बायकोचं नाव घरावर लावलं तर ईआरसी लागतो का?

नाव लावण्यासाठी लागत नाही. कर्जाचं खातं बंद झालं तर लागतो. सगळी गोम इथे आहे.

गावाकडे सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढलं म्हणून सोसायटीचं कर्ज फिटत नाही ना? तसंच. मालकी लँड रजिस्ट्रीच्या टायटल रजिस्टरमध्ये असते, कर्ज लेंडरच्या खात्यात असतं. मालकी बदलण्याच्या व्यवहाराला इथे ट्रान्सफर ऑफ इक्विटी म्हणतात. टीआर१ नावाच्या फॉर्मवर सह्या होतात आणि तो लँड रजिस्ट्रीकडे जातो. घरावर बोजा असल्यामुळे लेंडर म्हणतो, मालकीत जो येईल त्याने कर्जाचीही जबाबदारी घ्यावी.

आता लेंडर हे दोन प्रकारे करतात. काही जण चालू खात्यातच नाव वाढवतात किंवा कमी करतात: खातं तेच, दर तोच, मुदत तीच. फेड झालेलीच नाही, तर चार्ज कशावर लावणार? कामाची फी तेवढी घेतात. दुसऱ्या प्रकारात जुनं खातं बंद करून नव्या नावांनी नवं खातं उघडतात. कागदोपत्री ही पूर्ण फेड झाली. अशा वेळी बरेच लेंडर तोच फिक्स नव्या खात्यावर नेऊ देतात किंवा त्यांचंच नवं फिक्स घेतलं तर ईआरसी सोडतात. पण हे त्यांच्या मर्जीवर असतं, आपण गृहीत धरायचं नसतं.

तिसरी वाट म्हणजे नाव बदलतानाच लेंडरही बदलायचा. तेव्हा मात्र ईआरसी पुरा लागतो, त्यातून सुटका नाही. "नाहीतरी कागद करतोच आहोत, तर स्वस्त दर बघू" असं म्हणून लोक इथेच फसतात.

लेंडरला फोन करून नेमकं काय विचारू?

"ट्रान्सफर ऑफ इक्विटीला ईआरसी लागतो का?" असं विचारू नका. "इट डिपेंड्स" एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: माझं आत्ताचं खातं आत्ताच्याच दराने आणि त्याच मुदतीने नव्या नावांसह चालू राहणार, की रिडीम होऊन, म्हणजे फेडून बंद करून, नवीन उघडणार? नवीन उघडणार असेल तर ईआरसी किती पौंड, आणि तो भरून परत मिळतो की घेतच नाहीत? नव्या व्यक्तीची क्रेडिट तपासणी आणि पगाराचे कागद लागतील का? व्हिसाची अट काय? बायको डिपेंडंट व्हिसावर असेल तर हा शेवटचा प्रश्न पहिला विचारा. काही लेंडर व्हिसाची ठरावीक मुदत शिल्लक मागतात, काहींना आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, लागतो.

आणि उत्तर लेखी घ्या. ॲपमधून सिक्युअर मेसेज टाकला तरी चालेल. "शुड बी फाइन" हे फोनवर ऐकलेले तीन शब्द नंतर कुठेच चालत नाहीत.

लेंडरला न सांगता गुपचूप नाव लावता येईल का?

बहुतेक वेळा नाही. लेंडर कर्ज देतानाच रजिस्टरवर रिस्ट्रिक्शन टाकून ठेवतो, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय लँड रजिस्ट्री तुमचा टीआर१ नोंदवत नाही. ७ पौंड भरून लँड रजिस्ट्रीच्या साइटवरून आपल्या घराच्या रजिस्टरची प्रत काढा. दुसऱ्या भागात मालकांच्या नावाखालीच ती नोंद दिसेल.

आमचा घटस्फोट होतोय. नवऱ्याचं नाव काढून घर मी ठेवणार आहे. ईआरसी कोण भरणार?

नाव काढणं हे नाव लावण्यापेक्षा कितीतरी अवघड. लावताना लेंडरला एक जास्तीचा देणेकरी मिळतो. काढताना त्याच्या हातून एक पगार सुटतो, म्हणून तो तुमच्या एकटीच्या उत्पन्नावर पुन्हा हिशेब मांडतो.

जोडीने घेतलेल्या मॉर्गेजमध्ये दोघेही पूर्ण रकमेला बांधलेले असतात, निम्म्या-निम्म्याला नाही. कोर्टाच्या आदेशात घर तुमच्या नावावर करायचं ठरलं तरी कोर्ट लेंडरला "याला मोकळं कर" असं सांगू शकत नाही. आदेशात सहसा एवढंच असतं की नवऱ्याला कर्जातून सोडवण्याचा तुम्ही मनापासून प्रयत्न करायचा. लेंडर नाही म्हणाला तर नवरा घर सोडून गेला तरी कर्जात राहतो, आणि हप्ता चुकला तर त्याचंही क्रेडिट बिघडतं.

लेंडर हो म्हणाला आणि खातं तेच राहिलं तर ईआरसीचा प्रश्नच नाही. घर विकायचं ठरलं तर लागतो, आणि तो कोणाच्या वाट्यातून जाणार हे समझोत्यातच लिहून घ्या. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये सगळं ठरलं होतं, कंप्लीशनची, म्हणजे व्यवहार पुरा होण्याची, तारीखसुद्धा. ऑफर पुन्हा वाचली तर ती तारीख उतरंडीच्या पायरीच्या ११ दिवस अलीकडे पडत होती. दोन्ही बाजूंच्या वकिलांना एकेक ईमेल गेला, कंप्लीशन दोन आठवडे पुढे सरकलं आणि ३ टक्क्यांचे २ झाले. एकमेकांशी बोलणंही बंद असलेल्या त्या दोघांना निम्मे-निम्मे पैसे वाचले.

माझ्या एकटीच्या पगारावर पूर्ण कर्ज बसत नाही असं लेंडर म्हणतो. मग?

मग कर्ज थोडं कमी करायचं, आणि इथे १० टक्क्यांची सवलत कामी येते. फिक्स चालू असतानाही बहुतेक लेंडर दरवर्षी बाकीच्या १० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम बिनचार्ज भरू देतात.

समजा बाकी २,८०,००० आहे आणि लेंडर म्हणतो, तुम्हाला एकटीला २,४०,००० झेपतील. म्हणजे ४०,००० उतरवायचे. २८,००० सवलतीत गेले, उरलेल्या १२,००० वर ३ टक्के म्हणजे ३६० पौंड. घर विकून ८,४०० देण्याशी ताडून बघा. हेच २८,००० लेंडरचं वर्ष संपायच्या आधी आणि १२,००० नवं वर्ष लागल्यावर भरले तर ३६० सुद्धा वाचतात.

तेवढे पैसे नसतील तर मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारा. नाहीतर आई-वडील किंवा भाऊ कर्जात येतील पण मालकीत येणार नाहीत, अशा सोयीबद्दल विचारा. तिला जॉइंट बॉरोअर सोल प्रोप्रायटर म्हणतात. सगळे लेंडर ती देत नाहीत, आणि चालू फिक्समध्ये देणारे त्याहून कमी. येणारा भाऊ मालक नसूनही पूर्ण कर्जाला बांधला जातो, हे त्याला आधी समजावून सांगा.

ही १० टक्क्यांची सवलत जानेवारी ते डिसेंबर धरायची का?

याचं उत्तर मी १८० पौंड देऊन शिकले. नाशिकचा फ्लॅट विकल्यावर आम्ही नोव्हेंबरमध्ये ६,००० पौंड मॉर्गेजमध्ये भरले. जानेवारी उजाडल्यावर "आता नवं वर्ष लागलं" म्हणून आणखी २४,०००. बाकी २,४०,००० होती, म्हणजे २४,००० बरोबर १० टक्के, हिशेब चोख. पण आमच्या लेंडरचं वर्ष मार्चपासून मार्चपर्यंत होतं. दोन्ही रकमा एकाच वर्षात पडल्या, वरच्या ६,००० वर ३ टक्के लागले. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी ऑफरचं पान उघडायला सांगितलं, आणि ओळ खरंच तिथे होती. ऑफिसात दिवसभर लोकांना "ऑफर वाचा" असं सांगणारी मी, घरी मात्र नवऱ्याच्या एक्सेलवर विसंबून होते.

तेव्हा दोन गोष्टी विचारा: वर्ष कधीपासून मोजता, आणि १० टक्के कशाचे? कुणी वर्षाच्या सुरुवातीच्या बाकीवर धरतं, कुणी मूळ कर्जावर.

घर बदलतोय आणि नव्या घरात बायकोचंही नाव घालायचंय. जुनं फिक्स नेता येईल का?

याला पोर्टिंग म्हणतात. दर नेता येतो, कर्ज मात्र नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं. पगार, क्रेडिट, नव्या घराचं मूल्यांकन सगळं पुन्हा होतं. विक्री आणि खरेदी एकाच दिवशी झाली तर सहसा ईआरसी मागत नाहीत. मध्ये खंड पडला तर आधी भरून घेतात आणि ठरलेल्या मुदतीत नवं घर घेतलं तर परत देतात. ती मुदत लेंडरगणिक वेगळी असते.

कर्ज कमी घेतलं तर जेवढं कमी झालं तेवढ्यावर चार्ज लागू शकतो. जास्त घेतलं तर वाढीव भागाचा दर वेगळा, मुदत वेगळी. मग एकाच घरावर दोन फिक्स, दोन संपण्याच्या तारखा. ब्रोकरला सांगा की दुसऱ्याची मुदत पहिल्याला जुळवून घे, नाहीतर कायम एक ना एक ईआरसी मानगुटीवर बसलेला राहील.

ईआरसी नाही लागला म्हणजे सुटलो ना?

नाही हो. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं तो खर्च म्हणजे स्टॅम्प ड्यूटी.

घराचा हिस्सा नुसता भेट दिला, घरावर कर्ज नाही, तर स्टॅम्प ड्यूटी नाही. पण कर्ज असलं तर हिस्सा घेणाऱ्याने डोक्यावर घेतलेलं कर्ज हीच किंमत धरतात. बाकी ३,२०,००० आहे आणि बायकोला निम्मा हिस्सा दिला, तर तिने १,६०,००० पौंड 'दिले' असं समजतात, हातातून एक पेनी गेली नसली तरी. १ एप्रिल २०२५ पासून पहिले १,२५,००० करमुक्त आहेत आणि पुढच्या टप्प्यावर २ टक्के. म्हणजे ३५,००० वर ७०० पौंड. कंप्लीशनपासून १४ दिवसांत रिटर्न भरायचं. ही किंमत ४०,००० किंवा जास्त असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं.

आता पुण्याच्या फ्लॅटकडे या. दुसरं घर असलं तर ५ टक्के जादा ड्यूटी लागते, आणि ते दुसरं घर जगात कुठेही असलेलं चालतं. कोथरूडमधलं इथे मोजलं जातं. सुदैवाने एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोत हिस्सा दिला-घेतला तर नोव्हेंबर २०१७ पासून हा जादा दर लागत नाही. पण भावाचं नाव लावलंत आणि त्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट असेल, तर वरच्याच १,६०,००० वर ७०० ऐवजी ८,७०० पौंड होतात. एवढी रक्कम ईआरसीलाही मागे टाकते. वडिलांच्या पश्चात वारशाने आलेला वाटा निम्म्याहून जास्त नसेल आणि मिळून तीन वर्षं झाली नसतील तर तो धरत नाहीत. म्हणून मालमत्ता सांगताना कशी आणि कधी मिळाली तेही सांगा.

घटस्फोटातल्या समझोत्याने किंवा कोर्टाच्या आदेशाने हिस्सा बदलला तर स्टॅम्प ड्यूटी माफ आहे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना आणि मित्रांनी मिळून घेतलेल्या घराला ही माफी नाही.

सॉलिसिटर म्हणतात बायकोने वेगळा वकील घ्यावा. आमच्यात भांडण नाही, मग कशाला?

भांडण नाही म्हणूनच. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जासाठी बायकांनी घर तारण ठेवण्याच्या कागदांवर सह्या केल्या आणि नंतर "मला काही समजावून सांगितलंच नव्हतं" असं पुढे आलं, अशी बरीच प्रकरणं कोर्टात गेली. २००१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड विरुद्ध एट्रिज या खटल्यात अशा वेळी काय काळजी घ्यायची ते घालून दिलं. तेव्हापासून लेंडर या बाबतीत सावध असतात. मालकी सोडणाऱ्याला आणि नव्याने कर्जात शिरणाऱ्याला स्वतंत्र सल्ला मिळाला का, हे ते विचारतात.

फी थोडी वाढते, पण मला ही अट आवडते. आमच्याकडे आलेल्या एक वहिनी इंग्रजी समजत असूनही प्रत्येक प्रश्नाला नवऱ्याकडे बघत होत्या. वेगळ्या खोलीत, वेगळ्या सॉलिसिटरपुढे, त्यांनी स्वतः होऊन चार प्रश्न विचारले. त्यातला एक होता, "हप्ता त्यांनी नाही भरला तर माझ्याकडे मागतील?" हो, मागतील.

लेंडर नाव लावू देत नाही किंवा फिक्स संपेपर्यंत थांबायचंय. तोवर बायकोचं काय?

हा प्रश्न विचारायला हवा, आणि फार कमी जण विचारतात. लग्नाचा जोडीदार मालकीत नसला तरी राहत्या घरात राहण्याचा हक्क त्याला फॅमिली लॉ ॲक्ट १९९६ ने दिलाय. एचआर१ फॉर्म भरून तो रजिस्टरवर नोंदवता येतो. फी नाही, लेंडरची संमती नको, मालकाचीही नको, कर्जाला हात लागत नाही. मात्र हा हक्क राहण्याचा आहे, मालकीच्या वाट्याचा नाही. नोंद झाली की लँड रजिस्ट्री मालकाला कळवते, तेव्हा नवरोबांना ते पत्र उघडायच्या आधी सांगून ठेवलेलं बरं.

दोघांची राजीखुशी असेल तर डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट करून आपसात हिस्से ठरवता येतात. पण त्याने कर्जाची जबाबदारी सरकत असेल तर स्टॅम्प ड्यूटी तिथेही उभी राहते, आणि लेंडरची अट काय ते पाहावं लागतं. इंटरनेटवरचा नमुना भरून मोकळं होण्यासारखा हा कागद नाही.

फिक्स संपायला सहा-सात महिने उरलेत. थांबू का?

घाई कशाची आहे त्यावर आहे. नुसतं नावच लावायचं असेल तर मी थांबेन. २०२३ च्या मॉर्गेज चार्टरवर, म्हणजे सरकार आणि लेंडर यांच्यातल्या समझोत्यावर, सही केलेले लेंडर फिक्स संपायच्या काही महिने आधी त्यांच्याकडचा पुढचा दर पकडून ठेवू देतात. ब्रोकरकरवी दुसऱ्या लेंडरकडेही आधीच अर्ज करता येतो, फक्त कंप्लीशन ईआरसी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवायचं. त्याच दिवशी ट्रान्सफर ऑफ इक्विटीही उरकते, एका सॉलिसिटरात, एका फेरीत.

एक खोच आहे. पुढचा दर पकडताना जुन्या नावांनी पकडला आणि नवं फिक्स सुरू झालं, की नव्या उतरंडीची पहिली पायरी लागली, म्हणजे सर्वांत महागडी. नाव बदलायचंय हे दर पकडण्याच्या आधी सांगा.

जोडीदार वारला तर?

दोघं जॉइंट टेनंट्स, म्हणजे हिस्से न पाडता मिळून मालक, असतील तर घर आपोआप मागे राहिलेल्याचं होतं. मृत्यूचा दाखला आणि डीजेपी फॉर्म लँड रजिस्ट्रीला पाठवायचा, फी नाही. कर्ज मागे राहिलेल्याच्या नावावर चालू राहतं, फेड नाही म्हणून ईआरसी नाही. विम्याच्या पैशातून कर्ज फेडलं तर बरेच लेंडर मृत्यूच्या कारणाने चार्ज सोडतात, पण पैसे पाठवण्याआधी विचारा. टेनंट्स इन कॉमन, म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा, असाल तर गेलेल्याचा हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे जातो. मृत्युपत्र करा, एवढंच म्हणते.

भारतात तर मुदतीआधी कर्ज फेडायला काही लागत नाही. इथेच का?

कारण तिकडे बहुतेकांचं गृहकर्ज फ्लोटिंग असतं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर असा आकार घेणं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना बंद करायला लावलं. फिक्स दराच्या कर्जाची गोष्ट तिकडेही निराळी आहे. इथेसुद्धा ट्रॅकर (बँक ऑफ इंग्लंडच्या दराबरोबर हलणारा) किंवा लेंडरच्या एसव्हीआर (त्याचा नेहमीचा बदलता) दरावर असाल तर बऱ्याचदा ईआरसी नसतो.

तिकडची आणखी एक समजूत लोक सोबत घेऊन येतात. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको किंवा मुलांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. तशी सवलत इथे नाही. इथे बायकोला दिलेल्या भेटीतही कर्जाची किंमत धरतात, हे वर पाहिलंच.

चार्ज लागून गेलाय आणि मला तो चुकीचा वाटतो. कुठे जाऊ?

आधी लेंडरकडे लेखी तक्रार. त्यांना अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था, फुकट. अंतिम उत्तराच्या पत्रापासून सहा महिन्यांच्या आत जायचं.

खरं सांगायचं तर ऑफरमध्ये चार्ज स्वच्छ लिहिलेला असेल तर "फार जास्त आहे" या मुद्द्यावर हाती काही लागणं कठीण. पण "लागणार नाही" असं त्यांच्या माणसाने सांगितलं आणि त्यावर विसंबून तुम्ही सही केली, तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे लेखी काही नसेल तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे त्यांच्याकडची आपली माहिती मागण्याचा अर्ज, टाकून फोनचं रेकॉर्डिंग मागवा. फी नाही, सहसा महिन्याभरात द्यावं लागतं. तारीख आणि साधारण वेळ सांगितलीत तर लवकर सापडतं, म्हणून फोन केल्यावर कॅलेंडरवर दोन शब्द टिपून ठेवा.

आम्ही ग्लासगोला आहोत. बहीण कार्डिफला. हे सगळं आम्हाला लागू आहे?

ईआरसीचं सगळं लागू आहे, कारण लेंडर आणि त्यांच्यावरचे नियम तेच. कर आणि कागद वेगळे. स्कॉटलंडमध्ये स्टॅम्प ड्यूटीऐवजी एलबीटीटी आहे आणि नोंदणी रजिस्टर्स ऑफ स्कॉटलंडकडे. वेल्समध्ये नोंदणी इंग्लंडसारखीच, पण कर लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स. टप्पे आणि दर निराळे असल्यामुळे वरचं ७०० पौंडांचं गणित तिथे वापरू नका, तिथल्याच सॉलिसिटरला विचारा.